ओल्या सारवणावरचा टीव्ही

शुक्रवारी सकाळी ठकुबाईला टीव्हीचा शॉक बसला. माणसाने भिंतीवर जाऊन आपटावं असा काही तो नव्हता. पण झालंच नाही म्हणावं असाही नव्हता. जमीन नुकतीच सारवून झाली होती. शेणाचे हात धुऊन, काढून ठेवलेली पिन पुन्हा भिंतीत खोचून, ती ओल्या फडक्याने टीव्हीवरची धूळ टिपत होती. आधी काच, मग बटणं, मग वरची उचलायची मूठ, आणि शेवटी एरियलची ती लांबसडक चकचकीत दांडी. दांडीला बोटं लागली मात्र, मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्यांची रांगच्या रांग धावत चढली आणि हात तिला न विचारता मागे आला. फडकं खाली पडलं. टीव्ही बंदच होता. काळ्या काचेत तिचं तोंड दिसत होतं आणि ते भ्यालेलं नव्हतं, रागावलेलं होतं. आपल्याच घरात कुणी आपल्याच हातावर फटका मारावा आणि मारणारा दिसू नये, तसं तिला झालं. ती तशीच उभी राहिली. सारवणाचा गारवा तळपायांतून वर येत होता आणि बोटांच्या टोकांशी काहीतरी अजून वळवळत होतं.

"अवो, ह्यो चावतोय," ती म्हणाली.

हरिबा, तिचा नवरा, दारातल्या बाकड्यावर पेपर वाचत होता. "कोन चावतोय?"

"टीव्ही. करंट मारला मला."

"बंद हाय की त्यो."

"बंद हाय तरी मारला."

हरिबा उठला. सगळी उमर एसटीची गाडी चालवण्यात गेलेला माणूस. वरंध्याच्या घाटात इंजिनाने नुसती कुरकुर केली तरी कोणता नट ढिला झाला ते सांगायचा. यंत्रात काही खोट असेल तर ते आधी आपल्याशी बोलेल, बायकोशी नाही, असा त्याचा पक्का समज. चपला फटफटवत तो आत आला आणि एरियलची दांडी मुठीत धरून त्याने खालपासून वरपर्यंत हात फिरवला. मग दुसऱ्या हाताने फिरवला. मग तिच्याकडे बघून हसला. "बघ. मेलो का? आगं, आनंदरावानं कालच दुरुस्त करून दिलाय. माज्यासमोर टेस्टर लावून दावला त्यानं. तुजा हात वला आसंल, न्हाईतर वाताचं आसंल." एवढं बोलून तो परत पेपराकडे गेला. सारवणावर त्याच्या चपलांचे ठसे उमटले होते ते तिने वाकून हाताने पुसले, आणि त्या दिवशी पुन्हा तो विषय काढला नाही.

पण ज्याचं जळतं त्याला कळतं. भाकरी थापताना तिचं लक्ष उजव्या हाताकडेच. हा हात काही नवा नव्हता. ह्या हाताने तिने भोरातल्या दवाखान्यात बाळंतिणींची अंथरुणं बदलली होती, विंचू चपलेखाली नाही तर चिमट्यात धरून मारला होता, पोराच्या अंगातला ताप थर्मामीटर लावायच्या आधी सांगितला होता. त्या हाताने एक गोष्ट सांगितली आणि घरातल्या माणसाने ती वातावर ढकलली. वात! शनिवारी तिने मुद्दाम पुन्हा बोट लावून पाहिलं. जमीन तोवर खडखडीत वाळलेली. बोटाला काही लागलं नाही; लागलं असेल तर एखादं केस ओढल्याइतकं. तिला हायसं वाटायला हवं होतं, उलट ती जास्तच बेचैन झाली. खरंच आपल्याला भास झाला का? म्हातारपणी माणसाचं अंग असं खोटं बोलायला लागतं का? आणि उद्या डोळे खोटं बोलतील, परवा कान, मग आपल्यापाशी आपलं म्हणून राहणार काय? चुलीपुढे बसल्या बसल्या तिला आईचा आवाज ऐकू आला, "तू हात लावलाच न्हाईस." इतका जवळून, की तिने वळून पाहिलं.

वेल्ह्याकडच्या डोंगरातलं ते गाव. आई मोठ्या घरचं अंगण सारवायला जायची. अंगण, गोठा, परसू, सगळं हिचं, फक्त उंबरा ओलांडायचा नाही. त्या घरी लग्नासाठी पुण्याहून फोनो आणला होता. लग्नाच्या दिवशी त्यातून बाई गायली, आणि वस्तीतल्या पोरांनी ती गोठ्यापलीकडून, शेणाच्या उकिरड्यावर बसून ऐकली. दुसऱ्या दिवशी ठकू आईच्या मागे सारवणाचं पाणी घेऊन गेली तर ओसरीच्या कडेला तो फोनो एकटाच. पितळेचा भोंगा, फुललेल्या धोतऱ्यासारखा. आत बाई बसलेली नाही एवढं कळायचं तिचं वय होतं. पण मग ती असते कुठे? तिने खाली अंगणात उभं राहूनच हात लांबवला आणि भोंग्याच्या कडेला एक बोट लावलं. गार होता. एवढंच. घरच्या बाईने ते पाहिलं. मारलं नाही, ओरडलीही नाही. फोनो उन्हात ठेववला आणि त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं. ज्या गाईचं शेण आईने त्याच सकाळी कोपरापर्यंत हात घालून कालवलं होतं, तिचंच ते. शेणात बुडालेले हात चालत होते, भोंग्याला लागलेलं बोट चालत नव्हतं. ह्यातला हिशेब ठकुबाईला आजतागायत लागला नाही, आणि लावायची तिला गरजही वाटत नाही. तिला राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. परतताना ओढ्यात आईने तिचा हात दगडाने घासल्यासारखा घासला आणि म्हणाली, "तू हात लावलाच न्हाईस. कुनी इचारलं तर लावलाच न्हाईस. कळलं?" बोट तर अजून गार होतं. त्या बोटाला मुंग्या येत होत्या. आई भ्याली होती हे आता कळतं, पण तेव्हा असं वाटलं की बाईने भोंगा धुतला आणि आईने बोटच काढून घेतलं.

आणि आता टीव्ही तिचा होता. तिच्या पोराने, रतनने, मुंबईच्या गोदीतल्या नोकरीतून बोनस मिळाला तेव्हा घेतलेला. बॅगेसारखा मुठीला धरून एसटीतून मांडीवर घेऊन आला होता तो. मोठे टीव्ही भोरात दोन-चार घरी होते, पण त्या घरांच्या गल्ल्या वेगळ्या. ह्या गल्लीत हा एकच, एवढासा. सिंहगडावरून येणारं चित्र डोंगराआडून भोरात पोचेपर्यंत अर्धं सांडायचं. माणसांची तोंडं वाकडी व्हायची, मध्येच मुंग्यांचा पाऊस. मग कुणीतरी उठून एरियल हातात धरायचं. माणसाने धरलं की चित्र उभं राहायचं, सोडलं की पुन्हा आडवं. ते काम शेवंताने आपलं करून टाकलं होतं. शेवंता म्हणजे समोरच्या अक्काबाईची नात. दर रविवारी सिनेमाभर ती दांडी धरून उभी राही, वेळ पडली तर एका पायावर, आणि स्वतः सिनेमा मात्र तिरक्या मानेने बघे. आणि शेवंता यायची म्हणून अक्काबाई यायची. अक्काबाई! इतकी वर्षं समोरासमोर राहून जिने ह्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. हळदीकुंकवाची साखर वरून हातावर टाकायची, आणि "बस की ठकू" हे स्वतःच्या पायरीवरूनच म्हणायची. पहिल्या रविवारी ती दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या रविवारी उंबऱ्यावर बसली. मग आत, भिंतीला टेकून. आणि गेल्या रविवारी, टीव्ही बिघडायच्या आधी, सिनेमातली आई मेली तेव्हा अक्काबाईला ठसका लागला आणि ठकुबाईने दिलेल्या तांब्यातलं पाणी ती प्याली. तोंड लावून प्याली. त्या रात्री तो तांब्या घासताना ठकुबाईचा हात थांबला होता, आणि आपल्याला एवढा आनंद व्हावा ह्याचीच तिला चीड आली होती.

म्हणून तर हरिबाने आनंदरावाच्या मागे लकडा लावला. एसटी स्टँडजवळ आनंदरावाचं रेडिओचं दुकान. पुण्याला कोर्स करून आलेला, हुशार, बोलका. रविवारच्या आत पाहिजे म्हणजे पाहिजे, हरिबा त्याच्या काउंटरपाशी ठाणच मांडून बसला. आणि गुरुवारी टीव्ही घरी आला तो असा झकास की हरिबाने आनंदरावाला रविवारचं आमंत्रणच देऊन टाकलं, "तुमचंच काम हाय, बघाया या." आता ह्या सगळ्यावर पाणी ओतायचं म्हणजे काय? "आमच्या टीव्हीला हात लावू नका, तो चावतो." लोक हसतील. हसून झाल्यावर यायचे थांबतील. आणि न येण्याला कारण मिळालं की माणसं किती खूश होतात, हे ठकुबाईला पुरतं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी तिने पुन्हा सारवलं. पाहुणे येणार, आणि कोरड्या पोपडलेल्या जमिनीवर पाहुणे बसवायचे नाहीत, ही तिची रीत. हात धुतले, या वेळी कोरडे होईतो पुसले. पिन खोचली, वायर भिंतीच्या अंगाला राहील अशी, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून, रोजच्यासारखी. आणि मग, बटण न लावता, तिने बोटांची मागची बाजू दांडीला टेकवली. मुंग्या चढल्या. कोपराच्याही वर. ती ओरडली नाही. उलट तिला वाटलं मोठ्याने हसावं, कारण भास नव्हता, वात नव्हता, तिचं अंग तिच्याशी खरं बोलत होतं. "अवो, या, आत्ता या!" हरिबा आला, कंटाळलेल्या चेहऱ्याने त्याने दांडी धरली, आणि तिच्याकडे असं बघितलं की त्यात राग नव्हता, कीव होती. "ठकू, काय चाललंय तुजं?" तिने मान खाली घातली, आणि तेव्हा तिला त्याचे पाय दिसले.

हरिबाच्या पायांत चपला होत्या. त्या असायच्याच. टायरच्या तळाच्या, दोन बोटं जाड, कुठल्याशा एसटीच्या जुन्या टायरातून कापून घेतलेल्या. पोर असताना गावच्या चावडीपुढून जाताना त्याच्या बापाने चपला हातात घेतलेल्या त्याने पाहिल्या होत्या. तापलेल्या फुफाट्यात बाप पायांचे तळवे आळीपाळीने उचलत जात होता आणि चपला काखेत होत्या. ज्या वर्षी ह्या सगळ्यांनी बुद्धाची वाट धरली त्या वर्षी हरिबाने चपला घातल्या त्या घातल्याच. घरातही. सारवणावरही. सकाळी तसबिरीपुढे वंदनेला उभा राही तेवढ्यापुरत्या काढी, बाकी झोपताना काय त्या. ह्यावरून लग्न झाल्या झाल्या तिने एकदा कटकट केली होती, सारवण खराब होतं म्हणून; त्याने तेव्हा तिला तो फुफाटा सांगितला, आणि त्यानंतर ती रोज मुकाट ठसे पुसत आली. पुसताना तिला राग आला नाही कधी. कधी कधी तर ते ठसे बघून बरं वाटायचं. आणि आता त्या टायरच्या तळांवर उभा राहून हा माणूस तिला खोटी ठरवत होता. तिच्या तळव्यांना ओल लागत होती, त्याच्या पायांना जमीनच लागत नव्हती. सगळं तिला एका दमात कळलं. "चपला काढून धरा" एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण चावडी, फुफाटा, काखेतल्या चपला. आणि हे वाक्य त्याच्या बापाने किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल. आपल्याही तोंडून तेच निघावं? जीव गेला तरी नाही. ती म्हणाली, "कायी न्हाई. जावा तुमी." आणि तो गेला. उरलेला दिवस ती स्वतःवर चिडून होती, त्याच्यावर चिडून होती, आणि सगळ्यांत जास्त त्या एवढ्याशा खोक्यावर, ज्याने तिला ह्या पेचात धरलं होतं.

संध्याकाळी घर भरलं. पायताणांचा ढीग दाराबाहेर, माणसं आत. पावसाळी हवा, सारवण वाळलेलं नव्हतं. त्याच्यावर गोधड्या, पोती, जे हाताला लागलं ते अंथरलेलं. अक्काबाई आली आणि कुणी न सांगता भिंतीशी आपल्या जागेवर बसली. ठकुबाईने मनाशी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. टीव्हीच्या शेजारीच बसायचं म्हणजे झालं. दुरुस्तीनंतर चित्र लख्ख येत होतं, कुणाला धरायची गरजच पडणार नाही. पाट्या झाल्या, नाव आलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि ढगांचं काय झालं कोण जाणे, नटाचं तोंड आडवं होऊन वाहायला लागलं.

"मी धरते!" शेवंता उठली. गोधडीवरून टुणकन जमिनीवर आली. अनवाणी, ओल्या सारवणावर, तिची ती इवली पावलं ठकुबाईला एकदम एवढी मोठी दिसली. हात वर गेला. दांडीपासून वीतभर असेल नसेल, तोच ठकुबाईने तो मनगटाशी पकडला. पोर कळवळली. दुसऱ्या हाताने ठकुबाईने भिंतीतली पिन ओढली आणि नट, गाणं, उजेड सगळं एका ठिपक्यात जाऊन विझलं.

"आगं आगं, काय केलंस?" अक्काबाई म्हणाली. "आन् पोरीला कशापायी वढलीस?"

"ह्यो करंट मारतोय. हात लावायचा न्हाई कुनी," ठकुबाई म्हणाली. आणि आपण काय म्हणालो ते ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

हरिबा पुढे आला. सगळ्यांदेखत; त्याचा आवाज मऊ होता, आणि तोच तिला जास्त लागला. "ठकू, लाव पिन. मानसं आल्यात."

"मानसं आल्यात म्हनूनच काढली."

"म्या दोनदा हात लावलाय. काय न्हाई त्यात."

"मलाबी दोनदा चावलाय," ती म्हणाली, "आन् माजा हात काय उसना आनलेला न्हाई."

कुणीतरी हसलं. हात दाखवून अवलक्षण, तिच्या मनात आलं. पण आता हात दाखवला होता, तो मागे घ्यायचा नव्हता. एवढ्यात दारात आनंदराव. "काय, लाइट गेली का?" म्हणत तो बाहेरच्या ढिगाला वळसा घालून बूट न काढता आत आला, गोधडीची कड चुकवत, सारवणावरून. अक्काबाईच्या घरी रेडिओ बघायला येतो तेव्हा तो पायरीखाली वाकून बुटांचे बंद सोडतो, हे ठकुबाईने शंभरदा समोरून पाहिलं होतं. हरिबाने त्याला सगळं सांगितलं, थोडं हसत, थोडी माफी मागितल्यासारखं. आनंदराव अजिबात रागावला नाही. त्याने पिन उचलली, भिंतीत खोचली, खिशातला टेस्टर काढून एरियलला टेकवला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. टेस्टर पेटला नाही.

"बघा मावशी. दुरुस्तीनंतर मी तपासल्याशिवाय देतच नाही. भास होतो कधी कधी."

ठकुबाई टेस्टरकडे बघतच नव्हती. ती वायरकडे बघत होती. वायर भिंतीकडे न जाता खोलीच्या मध्ये आली होती, शेवंताच्या पायांशी. हे तिला आवडलं नाही. आधी नुसतं आवडलं नाही, आणि मग काहीतरी लख्ख झालं. "ही अशी न्हाई," ती म्हणाली. "म्या लावते तवा वायर भिताडाकडं आसती. तुमी उलटी घातलीया. म्या लावते तशी लावा."

"दोन पिनांची आहे ती. कशीही घातली तरी चालते."

"मग घाला की माज्यासारखी."

आनंदरावाने हसत हसत पिन काढली, उलटी करून घातली. टेस्टर पुढे नेणार तोच ती म्हणाली, "त्यो ऱ्हाऊ द्या. बूट काढा."

असं वाक्य ह्या घरातून कुणाला गेलेलं नव्हतं, आणि ते तिलाही नवंच होतं, तोंडात खडा यावा तसं. पण ते म्हणताना तिला बरं वाटलं. अगदी उघड बरं वाटलं. "बूट काढा, मोजे काढा, हितं वल्यावर हुबं ऱ्हावा, आन् दांडी धरा. ती पोर धरनार हुती तशी."

आनंदरावाने हरिबाकडे पाहिलं. पुरुषाने पुरुषाकडे बघावं तसं, आवरा हिला, म्हणून. हरिबाचा चेहरा पडलेला होता. पण तो म्हणाला, "काढा की. घर हाय हे."

बूट निघाले. मोजे निघाले. गोरे, बिनउन्हाचे पाय सारवणावर टेकले आणि गारव्याने बोटं जरा वर उचलली गेली. आनंदरावाचा हात दांडीकडे निघाला; ऐटीत निघाला होता, पण वाटेत त्याची ऐट सरली. दांडीपासून बोटभर अंतरावर तो थांबला. कुणी थांबवला नव्हता. थांबला आणि तिथेच राहिला, पुढेही जाईना, मागेही येईना, आणि भिंतीला टेकलेल्या सगळ्यांनी तो बघितला. मग आनंदरावाने दुसऱ्या हाताने टेस्टर लावला. टेस्टरच्या पोटातला लाल दिवा पेटला.

"पिन काढा," तो हळूच म्हणाला. ठकुबाईने काढली. आता तो रुबाबाने बोलत नव्हता. एरियल आणि आतला सांगाडा ह्यांच्यामध्ये करंट अडवणारा एक तुकडा असतो, तो जळला होता. नवा पुण्याहून यायला आठवडा लागला असता. हरिबा तर काउंटरपाशी बसून. मग त्याने तार सरळ जोडून दिली, चित्रही उलट चांगलं यायला लागलं. "तपासलं होतं, पण एकाच बाजूनं. पिन दोन्ही बाजूंनी घालून बघायची असते दुरुस्तीनंतर. ते राहिलं." खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने.

हरिबा स्वतःच्या पायांकडे बघत होता. "चपला," तो म्हणाला, तिलाच ऐकू जाईल इतकं. "सकाळीच काढा म्हनायचं हुतंस की."

"त्ये न्हाई म्हननार म्या तुमास्नी. कवाच न्हाई," ती म्हणाली. मग तिने टीव्हीची वायर गुंडाळायला घेतली.

माणसं चुळबुळायला लागली. सिनेमा तिकडे पुढे चाललाच होता, ह्यांच्यावाचून. शेवटी अक्काबाईनेच तोंड उघडलं, आणि वाईट मनाने नव्हे. सगळं सावरायला म्हणून. "आगं ठकू, मग लाव की तसाच. धरायचा न्हाई कुनी. हात न लावता लांबनं बघू. लांबनं बघाया काय हुतंय?"

काय होतंय! ठकुबाईच्या डोक्यात काहीतरी तडतडलं, एरियलचा नव्हता तो करंट. गुंडाळलेली वायर तिच्या हातातच राहिली. "लांबनं बघाया काय हुतंय ते मला इचारा, अक्काबाई," ती म्हणाली. "उमर गेली माजी लांबनं बघन्यात. हात लावू नगं, लांब हुबी ऱ्हा, लांबनं बघ. मगाशी म्याच म्हनले त्ये, ह्या तोंडानं. परत न्हाई म्हननार. हे माजं घर हाय. हितल्या वस्तूला शिवायची चोरी न्हाई कुनाला. ना तुमच्या नातीला, ना कुनाला. हात लावता यील आसा आसंल तर ह्यो हितं ऱ्हाईल, न्हाईतर न्हाई."

"आमी काय टीव्हीवाचून मरत न्हाई," अक्काबाई पुटपुटली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. तिच्या मागोमाग बाकीचे. गोधड्या चुरगळल्या, दारात पायताणांची उलथापालथ झाली, आणि बघता बघता घर रिकामं झालं. पुढच्या रविवारी ह्यांतलं कोण येईल आणि कोण नाही, हे ठकुबाईला सांगता आलं नसतं. कदाचित कुणीच नाही. ते तिला लागलं. पण आपण चुकलो असं क्षणभरही वाटलं नाही. शेवंता तेवढी उंबऱ्यात अडकून राहिली होती, मनगट चोळत. "आजी, नीट झाला की मी धरू?"

"दोन्ही हातांनी धर," ठकुबाई म्हणाली. बाहेरून अक्काबाईची हाक आली आणि पोर पळाली.

आनंदरावाने टीव्ही मुठीला धरून उचलला, बूट दुसऱ्या हातात घेतले. ते खोलीत घालायचे की बाहेर, हे त्याला ठरवता येईना. मग तो तसाच अनवाणी दाराकडे निघाला. "तुकडा आला की बसवतो, मावशी. दोन्ही बाजूंनी तपासून आणतो. दुकानातच सगळं नीट बघून."

"दुकानात बघा, न्हाईतर पुन्याला बघा," ठकुबाई म्हणाली. "त्या दिशीबी म्या सारवून ठेवनार हाय. पिन म्या लावनार. आन् पयला हात तुमचा."